रेडिएटरची हवा आणि बॉयलरचं प्रेशर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळं तासभर मागे जातात आणि त्याच आठवड्यात माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. शून्यावर पडलेला प्रेशरचा काटा, बॉयलरच्या पडद्यावर लुकलुकणारा एफ २२ हा बिघाडाचा कोड, क्रीम कार्पेटवरचा काळा डाग. पाठवणारे बहुतेक इथला पहिला-दुसरा हिवाळा काढणारे मराठी लोक. मी प्लंबर नाही, पण याच देशात तीन घरं बदलली आणि तिन्ही घरांच्या बॉयलरने मला काही ना काही शिकवलं. उत्तरं ब्रिटनमधल्या गॅस बॉयलरच्या घरांना धरून लिहिली आहेत. जर्मनी आणि अमेरिकेतल्या मंडळींचे प्रश्न शेवटी घेतले आहेत.

१. रेडिएटरमधलं पाणी आणि नळाला येणारं गरम पाणी एकच का?

नाही. हा गोंधळ जवळजवळ प्रत्येकाचा होतो, कारण आपल्या डोक्यात बंब असतो: वरून गार ओतायचं, तोटीतून कढत घ्यायचं. रेडिएटरचं पाणी असं वापरलं जात नाही. बॉयलर ते तापवतो, पंप ढकलतो, खोलीला ऊब देऊन ते परत बॉयलरकडे येतं. तेच पाणी, वर्षानुवर्षं. ढोबळमानाने एका रेडिएटरमागे दहा लिटर धरतात, म्हणजे दहा रेडिएटरच्या घरात शंभरेक लिटर.

कॉम्बी बॉयलर नळाचं पाणीही त्याच पेटीत तापवतो, पण वेगळ्या वाटेने. त्यामुळे नळाला कढत पाणी आणि रेडिएटर मात्र गार असं होऊ शकतं. बंद वर्तुळातलं पाणी कमी होत असेल तर ते कुठून तरी बाहेर पडतंय, एवढं ध्यानात ठेवलंत तर खालची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

२. 'रेडिएटर ब्लीड करा' असं सगळे सांगतात. म्हणजे नक्की काय करायचं?

आत साठलेली हवा काढायची. शेतातल्या मोटारीने हवा धरली की ती पाणी उचलत नाही, डिझेल इंजिनात एअर आली की मेकॅनिक नट सैल करून ती काढतो, तसंच हे. हवा रेडिएटरच्या माथ्यावर जाऊन बसते आणि तेवढ्या भागात गरम पाणी पोचत नाही. वरच्या कोपऱ्यातला छोटा चौकोनी स्क्रू सैल केला की ती फुसफुसत निघून जाते.

ही हवा येते कुठून? नळाच्या ताज्या पाण्यात ती विरघळलेलीच असते, पाणी तापलं की सुटते. दुरुस्तीसाठी सिस्टिम रिकामी करून पुन्हा भरली असेल तर भरपूर येते. शिवाय एक तिसरा प्रकार आहे, जो हवाच नसतो. पोलादी रेडिएटर आतून गंजताना हायड्रोजन तयार होतो. म्हणून त्या स्क्रूपाशी लायटर किंवा पेटती उदबत्ती नेऊ नका. हायड्रोजनबद्दल आणखी प्रश्न १२ मध्ये.

३. हवाच आहे की दुसरं काही, हे कसं ओळखू?

हाताने. हीटिंग अर्धा तास चालू ठेवा आणि रेडिएटरवर वरून खाली हात फिरवा, जपून, कारण नळ्या चांगल्याच तापतात.

वर गार आणि खाली गरम, म्हणजे हवा. वर गरम पण खाली मधोमध गार, म्हणजे तळाशी गाळ. हवा काढून तो जाणार नाही (प्रश्न ६ पाहा). अख्खा एकच रेडिएटर गार असेल तर बहुधा व्हॉल्व्ह अडकलाय (प्रश्न १३). वरच्या मजल्यावरचे सगळे गार आणि खालचे गरम असतील तर आधी प्रेशर बघा, आणि प्रेशर नावाची गोष्टच नसलेलं जुनं घर असेल तर प्रश्न ११ वाचा.

आवाजही सांगतो. रात्री हीटिंग सुरू होताना भिंतीतून घळघळ पाणी वाहिल्यासारखं वाटतं ते हवेचं लक्षण. आमची आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा दोन रात्री झोपली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमच्या भिंतीत कुणी हुक्का ओढतंय का?" मात्र नळी तापताना होणारी टकटक ही हवा नव्हे, लाकडी तुळईला घासून तांब्याची नळी फुगते त्याचा तो आवाज असतो.

४. चावी कुठे मिळते? पकडीने चालेल का?

कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात दोन-तीन पौंडांत पितळेची छोटी चावी मिळते. दोन घ्या, एक हरवतेच. नव्या रेडिएटरच्या स्क्रूला बहुधा खाचही असते, तिथे चपटा स्क्रू-ड्रायव्हर चालतो. पक्कड लावू नका. पितळ मऊ असतं, चौकोनाचे कोपरे गोल झाले की मग चावीही बसत नाही.

५. हवा काढायची पद्धत एकेक पायरीने सांगा ना.

आधी बॉयलरचा काटा बघा आणि आकडा लिहून ठेवा. ही पायरी सगळे गाळतात आणि नंतर फोन करतात.

हीटिंग चालू करून सगळे रेडिएटर तापू द्या, कुठे हवा आहे ते हाताने ठरवा, मग हीटिंग बंद करा. अर्धा-पाऊण तास थांबा. थांबायचं कारण नुसतं भाजण्याचं नाही. पंप चालू असताना स्क्रू उघडला तर काही घरांत हवा बाहेर पडण्याऐवजी आत ओढली जाते.

खालच्या मजल्यापासून सुरुवात करा, वरचा मजला शेवटी. स्क्रूखाली जुना कप धरा, मागच्या भिंतीला फडकं लावा. खाली कार्पेटवर जुना टॉवेल टाका, पांढरा नको. आता चावी घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा. फुस्स आवाज येईल. आला की हात तिथेच थांबवा, आणखी फिरवायचं नाही. हवा संपत आली की आवाज बदलतो: आधी कोरडा सूर, मग थुंकल्यासारखे थेंब, मग सलग बारीक धार. धार लागली की बंद करा, बोटाच्या जोराने, मनगटाच्या नव्हे. मग स्क्रूभोवती टिश्यू पेपर फिरवून बघा, ओला झाला तर किंचित आणखी आवळा.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा आवाज येईना म्हणून फिरवतच राहिले. स्क्रू उडून कपात पडला आणि चहाच्या काढ्यासारखं काळं पाणी माझ्या बाहीवर, भिंतीवर आणि भाड्याच्या घराच्या कार्पेटवर. तुमच्यावर ही वेळ आली तर आधी अंगठ्याने भोक दाबा, दुसऱ्या कुणाला तरी रेडिएटरच्या खालचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायला सांगा, मग स्क्रू परत बसवा. पलीकडच्या टोकाचा झाकणवाला व्हॉल्व्ह बंद करताना किती फेरे फिरवले ते मोजून ठेवा. उघडताना तेवढेच उघडायचे, कारण प्रत्येक रेडिएटरला किती पाणी मिळावं ते त्या फेऱ्यांवर ठरवलेलं असतं.

सगळं झाल्यावर पुन्हा काटा बघा. तो उतरलेला असणारच. पुढचं प्रश्न ८ मध्ये.

६. पाणी शाईसारखं काळं आलं. सिस्टिम गेली का?

लगेच घाबरू नका, थोडं काळं पाणी बहुतेक जुन्या घरांत येतं. तो लोखंडाचा गंजच आहे, पण तांबडा नाही. बंद नळ्यांत ऑक्सिजन कमी असतो, म्हणून मॅग्नेटाइट नावाचा काळा गंज बनतो. लोहचुंबकाला चिकटतो, म्हणूनच हल्ली बॉयलरखालच्या नळीवर चुंबकाचा फिल्टर बसवतात. वार्षिक सर्व्हिसच्या वेळी तो उघडून धुतला की नाही, हे इंजिनिअरला मुद्दाम विचारा.

काळेपणाबरोबर रेडिएटर खालून गार राहत असतील तर गाळ साचलाय. एक-दोन रेडिएटर असतील तर ते काढून अंगणात नळीने धुता येतात, सगळेच तसे असतील तर पॉवर फ्लश, म्हणजे जोराच्या पाण्याने सगळी सिस्टिम धुणं, करून घ्यावं लागतं. त्यानंतर पाण्यात गंजरोधक रसायन घातलंच पाहिजे. इथे त्याला इनहिबिटर म्हणतात, फर्नॉक्स किंवा सेंटिनेलची बाटली सगळीकडे मिळते.

७. काटा कितीवर असायला हवा? आणि आमचा लाल काटा हलतच का नाही?

सिस्टिम थंड असताना १ ते १.५ बार (बार हे दाबाचं एकक). गरम झाल्यावर २ च्या आसपास गेला तरी ठीक. साधारण अर्ध्या बारच्या खाली बरेच बॉयलर स्वतःहून बंद पडतात. वेलंट कंपनीच्या बॉयलरवर एफ २२, आयडियल कंपनीच्या लॉजिक मॉडेलवर एफ १ दिसला तर बॉयलर 'पाणी कमी आहे' असंच म्हणत असतो. वरची हद्द ३ बारची. तिथे सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर सोडतो.

१ बारच का, तर गच्चीवरची टाकी आठवा. टाकीपासून जितकं खाली तितकी धार जोरात. दहा मीटर उंच पाण्याचा खांब म्हणजे सुमारे १ बार. तुमचा बॉयलर खाली स्वयंपाकघरात आणि बाथरूमचा रेडिएटर वर पाच मीटरवर असेल तर तिथवर पाणी उभं राहायलाच अर्धा बार लागतो, उरलेला अर्धा हाताशी. फ्लॅट एकाच मजल्यावर असेल तर १ बार भरपूर होतो, १.५ चा हट्ट नको.

लाल काटा हा बऱ्याच गेजवर, म्हणजे प्रेशरच्या तबकडीवर, नुसती खूण असते. बसवणाऱ्याने 'इथपर्यंत भरा' म्हणून फिरवून ठेवलेली. खरं प्रेशर काळा काटा सांगतो. लाल काट्याला प्रेशर समजून सहा महिने निर्धास्त राहिलेले एक गृहस्थ मला माहीत आहेत. ते माझ्याच घरात राहतात.

८. हवा काढली आणि बॉयलर बंदच पडला. पाणी परत कसं भरायचं?

बॉयलर बिघडलेला नाही. हवेची जागा पाण्याने घेतली, म्हणून एकूण प्रेशर उतरलं. हवा काढणं आणि प्रेशर भरणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत, एक करून दुसरं सोडता येत नाही.

बॉयलरच्या खाली वाकून बघा. चांदीसारखी विणीची लवचिक नळी दिसेल, दोन टोकांना दोन छोटे व्हॉल्व्ह. हा फिलिंग लूप. एक टोक नळाच्या गार पाण्याकडे, दुसरं हीटिंगच्या नळीकडे. बॉयलर बंद आणि थंड असू द्या. आधी एक व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, मग दुसरा अगदी सावकाश. पाणी सळसळल्याचा आवाज येईल. नजर काट्यावर ठेवा. तो १.२ च्या आसपास आला की दोन्ही बंद. हे सगळं पंधरा-वीस सेकंदांत होऊ शकतं, तेव्हा व्हॉल्व्ह उघडून चहा बघायला जाऊ नका.

नियमाप्रमाणे काम झाल्यावर ती नळी काढून ठेवायची असते, म्हणजे रेडिएटरचं घाण पाणी पिण्याच्या पाण्यात जायची शक्यता राहत नाही. १९९९ च्या पाणीजोडणी नियमांतच ते आहे. प्रत्यक्षात दहांतल्या नऊ घरांत मला ती लटकलेलीच दिसते. ती तशीच ठेवण्याचा दुसरा तोटा प्रश्न ९ मध्ये.

काही बॉयलरला, उदाहरणार्थ वूस्टर बॉशच्या बऱ्याच मॉडेलना, बाहेरची नळी नसते. तिथे खाली प्लास्टिकची चावी घालायची किंवा कळ ओढायची असते. मॉडेलचं नाव घालून कंपनीच्या साइटवरचं माहितीपत्रक उतरवून घ्या. अंदाजाने फिरवाफिरवी नको.

भरल्यावर हीटिंग चालू करा, पुन्हा कुठे वर गार लागतंय का बघा. ताज्या पाण्यातली हवा दोन दिवसांत सुटते, तेव्हा आणखी एकदा काढावी लागणं स्वाभाविक आहे.

९. जास्त भरलं गेलं, काटा लाल पट्ट्यात गेलाय. आता?

एखाद्या रेडिएटरचा तोच स्क्रू सैल करून कपाने पाणी काढा. सिस्टिम भरलेली असेल तर काटा भराभर उतरतो, दोन-तीन कपांतच फरक दिसेल.

काही न करता काटा आपोआप चढत असेल, हीटिंग बंद असतानाही, तर फिलिंग लूपचा व्हॉल्व्ह नीट बंद झालेला नाही. नळाचं पाणी थेंबाथेंबाने आत येतंय. लूप काढून टाकला की हा प्रश्नच राहत नाही.

१०. दर आठवड्याला प्रेशर भरावं लागतं. भरत राहिलं तर काय बिघडतं?

पुष्कळ बिघडतं. माझं या पानावर एकच आग्रहाचं सांगणं आहे, ते इथे: वारंवार पाणी भरणं हा उपाय नाही, तोच पुढच्या आजाराचं कारण आहे. प्रत्येक वेळी भरलेल्या पाण्याबरोबर ताजा ऑक्सिजन आत जातो, तो रेडिएटर गंजवतो, गंजातून काळा गाळ आणि हायड्रोजन येतो, म्हणून पुन्हा हवा काढायची, म्हणून पुन्हा प्रेशर उतरायचं, म्हणून पुन्हा भरायचं. शिवाय आतलं गंजरोधक रसायन पातळ होत जातं ते वेगळंच. वर्षातून एक-दोनदा भरावं लागलं तर चालण्यासारखं आहे. महिन्याला लागत असेल तर गळती शोधा.

शोधायची कशी? प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही टोकांना, व्हॉल्व्हच्या दांडीभोवती कोरडा टिश्यू फिरवा. गळती इतकी बारीक असते की गरम नळीवर थेंब सुकून जातो, मागे फक्त हिरवट किंवा पांढरट डाग राहतो. मग घराबाहेर जा. बॉयलरच्या जवळपास भिंतीतून एक तांब्याची नळी बाहेर येऊन पुन्हा भिंतीकडे वळलेली दिसेल. ती ३ बारच्या सुरक्षा व्हॉल्व्हची. तिच्या तोंडाला रात्रभर सँडविचची छोटी पिशवी सैलसर बांधून ठेवा. सकाळी पिशवीत पाणी असेल तर चोर सापडला. हा व्हॉल्व्ह एकदा उघडला की बुडाशी कचरा अडकून नंतर गळतच राहतो, मग तो बदलावा लागतो.

इथेही नाही, तिथेही नाही, तर गळती जमिनीखाली असू शकते. घराच्या विम्यात 'ट्रेस अँड अॅक्सेस' नावाचं कलम आहे का बघा, फरशी उकरून गळती शोधायचा खर्च त्यात येतो.

११. आमच्या बॉयलरला गेजच नाही, फिलिंग लूपही नाही.

मग तुमचं घर जुन्या पद्धतीचं आहे. माळ्यावर दोन टाक्या असतील, त्यांतली छोटी हीटिंगची. संडासाच्या फ्लशसारखा तरंगता बॉल तिच्यात पाणी भरत राहतो, प्रेशर टाकीच्या उंचीवरून मिळतं. तुम्हाला काही भरायचं नसतं. वरचे रेडिएटर गार पडले, स्क्रू उघडला आणि ना हवा ना पाणी, असं झालं तर माळ्यावर जाऊन टाकीत पाणी आहे का बघा. बॉल अडकून टाकी कोरडी पडलेली मी पाहिली आहे. बॉल हलवला आणि घर तासाभरात गरम झालं.

१२. एकाच रेडिएटरची हवा दर पंधरा दिवसांनी काढतोय. संपत का नाही?

बहुधा ती हवा नाही, हायड्रोजन आहे. पाण्यातलं रसायन संपलंय आणि आत गंज चालू आहे. इनहिबिटर घालून बघा, आणि प्रश्न १० मधलं दुष्टचक्र तुमच्याकडे फिरतंय का तेही तपासा. माळ्यावर टाकी असलेल्या जुन्या घरात दुसरंही कारण असतं, पंप कुठल्या तरी सांध्यातून खरी हवा ओढत असतो. ते मात्र प्लंबरचं काम.

१३. हवा नाही, प्रेशर ठीक, तरी एकच खोली गार.

आकडे असलेला व्हॉल्व्ह बघा. उन्हाळाभर बंद राहिला की आतली छोटी पिन अडकते. डोकं हाताने फिरवून काढा, मध्ये एक बारीक पिन दिसेल. बोटाने किंवा लाकडी चमच्याच्या टोकाने दाबा, ती दोन-तीन मिलिमीटर आत जाऊन परत वर यायला हवी. नसेल येत तर हलकेच टकटक करा, थोडं तेल सोडा. पकडीने वर ओढू नका, निघून हातात आली तर पाण्याचं कारंजं. यापुढे उन्हाळ्यात हे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवा.

१४. गरम असताना काटा ३ वर आणि सकाळी शून्यावर. हे काय?

ही गळतीसारखी दिसणारी, पण वेगळी भानगड आहे. पाणी १० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की जवळजवळ तीन टक्के फुगतं, शंभर लिटरला सुमारे तीन लिटर. ते सामावून घ्यायला बॉयलरमध्ये एक्स्पान्शन व्हेसल असतं: डबा, मध्ये रबरी पडदा, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाबून भरलेली हवा. ती हवा गेली किंवा पडदा फाटला की फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही. काटा ३ ला जातो, सुरक्षा व्हॉल्व्ह पाणी बाहेर सोडतो, थंड झाल्यावर तेवढं पाणी कमी पडतं.

व्हेसलला सायकलच्या ट्यूबसारखाच व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे पंप घेऊन बसायचा मोह होतो. पण आधी पाण्याचं प्रेशर पूर्ण काढावं लागतं, आणि बहुतेक वेळा व्हेसल बॉयलरच्या बंद आवरणाच्या आत असतं. इथे थांबा आणि पुढचा प्रश्न वाचा.

१५. मी स्वतः काय करू शकते आणि इंजिनिअर कधी बोलवायचा?

रेडिएटर, त्यांचे व्हॉल्व्ह आणि बाहेरचा फिलिंग लूप तुमच्या हातचे. गॅसच्या वाटेचं आणि बॉयलरच्या आवरणाच्या आतलं काहीही नाही. गॅसच्या कामाला गॅस सेफ रजिस्टरवरचाच, म्हणजे परवानाधारकांच्या अधिकृत यादीतलाच, माणूस लागतो, तो कायदा आहे. २००९ पर्यंत याच्या जागी कॉर्गी होतं, म्हणून जुने शेजारी अजून 'कॉर्गीचा माणूस बोलाव' म्हणतात. आलेल्या माणसाचं ओळखपत्र मागा आणि उलटून पाठीमागची बाजू वाचा, कुठल्या कामाची परवानगी आहे ते तिथे असतं. मागायला संकोच वाटतो खरा, पण इथे कुणी त्याचा राग मानत नाही.

गॅसचा वास आला तर हे सगळं सोडून खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ वर फोन करा.

१६. घर भाड्याचं आहे. हे मी करायचं की घरमालकाने?

इंग्लंडमध्ये हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी घरमालकाची, १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम ११ प्रमाणे. गॅसची वार्षिक तपासणीही त्यानेच करून घ्यायची आणि दाखला तुम्हाला द्यायचा. हवा काढणं किंवा काटा वर आणणं इतकी बारीक कामं भाडेकरूने करावीत अशी अपेक्षा असते, पण आधी एक ईमेल टाकून ठेवा. काट्याचा फोटो जोडा. वारंवार भरावं लागत असेल तर तारखा लिहीत जा. दुरुस्ती टाळणाऱ्या एजंटपुढे त्या वहीचा फार उपयोग होतो, हे अनुभवाने सांगते.

१७. डिसेंबरात महिनाभर भारतात जातोय. हीटिंग पूर्ण बंद करू?

नको. नळ्या गोठून फुटल्या तर परत येऊन पोहावं लागेल. थर्मोस्टॅट १२ अंशांच्या आसपास ठेवा. विम्याची पॉलिसीही वाचा, रिकाम्या घरात हिवाळ्यात किती तापमान ठेवायचं याची अट काहींत असते. निघायच्या दोन-तीन दिवस आधी हवा काढून प्रेशर भरा आणि रोज काटा बघा. टिकत नसेल तर बॉयलर तुमच्या पाठीमागे बंद पडणार, हे विमानात बसायच्या आधी कळलेलं बरं. रस्त्याकडून येणाऱ्या पाण्याचा मुख्य कॉक बंद केला तरी बॉयलर चालतो, कारण प्रश्न १ मधलं वर्तुळ वेगळं आहे.

१८. कडाक्याच्या थंडीत बॉयलरच गुडगुडतोय आणि बंद पडतोय. हवा काढली, फरक नाही.

ही रेडिएटरची हवा नव्हे. नव्या बॉयलरमधून सांडपाण्याची एक प्लास्टिकची नळी बाहेर जाते, तिच्यात बर्फ झालाय. बाहेरच्या भागावर कोमट-गरम पाणी ओता, उकळतं नको. मग बॉयलर रीसेट करा.

१९. हीट पंप बसवलाय. रेडिएटर कधी कढत होतच नाहीत, हवा आहे का?

वरपासून खालपर्यंत सारखेच कोमट असतील तर हवा नाही. हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून घर तापवणारं यंत्र, ४५-५० अंशांवर, कधी त्याहूनही कमी तापमानाला दिवसभर चालतो. रेडिएटरवर दही विरजायची सवय असलेल्यांची उलट सोय होते, पातेलं फार तापत नाही. हवा काढायची पद्धत तीच, पण पाण्यात गोठणरोधक द्रव असेल तर नळाचं पाणी भरल्याने तो पातळ होतो. प्रेशर उतरलं तर बसवणाऱ्याला विचारूनच भरा.

२०. आम्ही जर्मनीत फ्लॅटमध्ये आहोत. बॉयलर तळघरात, काटा आम्हाला दिसतच नाही.

चावी बाउमार्क्टमध्ये, म्हणजे तिथल्या हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मिळते, आपल्या घरातली हवा तुम्ही काढू शकता. पण मग हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याला कळवा, कारण साऱ्या इमारतीचं पाणी एकच आहे आणि प्रेशर त्यालाच भरावं लागतं. ते उतरलं की सगळ्यात आधी वरच्या मजल्याचं कुटुंब गारठतं. रेडिएटरवर चिकटवलेल्या छोट्या मोजणी-डबीला मात्र हात लावू नका, तुमचं हीटिंगचं बिल तिच्यावर ठरतं.

२१. न्यूयॉर्कमध्ये आमचा रेडिएटर सतत शिट्ट्या मारतो. स्क्रू सापडत नाही.

बरं झालं सापडत नाही. जुन्या इमारतींत बऱ्याचदा पाणी नव्हे तर वाफ फिरते. एकच नळी आणि बाजूला चांदीच्या रंगाची लहान कुपी, असं दिसत असेल तर ती कुपी आपोआप हवा सोडते आणि वाफ आली की मिटते. ती उघडायची नाही, कुकरच्या शिट्टीला आपण चालू गॅसवर हात लावत नाही तसंच. खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, अर्धवट ठेवला की पाणी अडकून ठोके पडतात. पाण्याच्या सिस्टिमचं अमेरिकन घर असेल तर वरची पद्धत लागू आहे, फक्त गेज बारऐवजी पीएसआय या एककात असतं: थंड असताना १२ ते १५, सुरक्षा व्हॉल्व्ह ३० ला.

कुपीतून पाणी थुंकत असेल तर रेडिएटरचा उतार बघा. तो व्हॉल्व्हच्या बाजूला किंचित झुकलेला हवा, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी परत नळीत जातं. जुनी लाकडी जमीन एका बाजूने बसली की उतार उलटा होतो. इमारतीच्या सुपरला, म्हणजे देखभाल बघणाऱ्या माणसाला बोलवा. तो बहुधा पलीकडच्या पायांखाली फळीचा एक तुकडा सरकवून निघून जाईल.